ज्युनियर्सना सोडवलेल्या फायली देऊ नका : तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खुले पत्र

प्रिय तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मुला-मुलींनो,

पहिल्या वर्षाचे प्रवेश संपत आले आहेत. थोड्याच दिवसांत नवी मुलं गाद्या, बादल्या, ड्राफ्टर घेऊन वसतिगृहात दाखल होतील, आणि पहिल्या आठवड्यातच तुमच्यापैकी कोणीतरी अगदी चांगल्या मनाने त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ड्राइव्हची एक लिंक टाकेल. मेकॅनिक्सच्या सगळ्या ट्युटोरियलची सोडवलेली उत्तरं, ड्रॉइंगच्या शीट, फिजिक्सच्या जर्नलमधली रीडिंग्ज, आलेख, निष्कर्ष, सगळं त्या लिंकमध्ये असतं. खाली लिहिलेलं असतं, 'टेन्शन घेऊ नका, यात सगळं आहे.'

ती लिंक टाकू नका, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. नुसत्या विनंतीने भागणार नाही हे मला कळतं. का टाकू नये ते सांगायला हवं, आणि त्या जागी मुलांना काय द्यायचं तेही.

मी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कठीण अभ्यासक्रमाच्या सिनियर्सनी हे आपल्याला उद्देशून आहे असं समजावं. ट्युटोरियलच्या वह्या तपासताना एकदा एका बॅचमध्ये मला गुरुत्वीय प्रवेग 9.18 लिहिलेला दिसला. वाटलं, घाईत 9.81 चे आकडे उलटे पडले असतील. पुढच्या वहीत 9.18. त्याच्या पुढच्या वहीतही तेच. जवळजवळ अख्ख्या बॅचने 9.18 धरून गणित केलं होतं, आणि शेवटचं उत्तर मात्र 9.81 धरल्यावर येतं तेच होतं. कधीतरी कुणा सिनियरने फाईल लिहिताना आकडे उलटे टाकले, आणि ती चूक वर्षानुवर्षं वारसाहक्काने खाली येत राहिली. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात तसं. त्या बॅचमधल्या कुणालाही तो आकडा खटकला नाही. बारावीत भौतिकशास्त्रात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेली, सीईटीत 99 पर्सेंटाइलच्या पुढची ही मुलं. 9.81 त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण छापताना डोळा आणि हात एवढेच कामाला लागतात, डोक्याची गरज पडत नाही. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

'छापल्याने कुणाचं काय बिघडतं, परीक्षेच्या आधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, पीएलमध्ये, अभ्यास करतोच ना', असं तुम्ही म्हणता. याचं उत्तर माझ्या मतापेक्षा आकड्यांनी द्यावं हे बरं. अमेरिकेतल्या एमआयटीत, म्हणजे अवघड अभ्यासक्रमासाठी जगात जिचं नाव घेतलं जातं अशा संस्थेत, डेव्हिड प्रिचर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या ऑनलाइन गृहपाठाचा अभ्यास केला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. कोणी किती वेळात उत्तर भरलं यावरून कुठलं उत्तर छापलेलं असावं हे त्यांनी शोधलं. सत्र पुढे सरकलं तसं छापण्याचं प्रमाण वाढत गेलं, आणि मुदत जवळ आली की ते आणखी वाढायचं. जे विद्यार्थी तीस टक्क्यांहून जास्त गणितं छापायचे, ते सुरुवातीचे दिवस जवळजवळ कोरेच घालवायचे. कमी छापणारे मुदतीच्या आधीचे तीन दिवस थोडं थोडं काम करायचे. बीजगणित मांडून सोडवायची गणितं छापणाऱ्यांची, तशाच गणितांमधली परीक्षेतली कामगिरी सत्रभरात वर्गाच्या तुलनेत घसरत गेली. जितकं छापणं जास्त, तितकी घसरण जास्त. टोकाला ती दोन प्रमाण विचलनांपर्यंत गेली. म्हणजे वर्गाच्या मधोमध बसणारा विद्यार्थी तळाच्या दोन-तीन टक्क्यांत जाऊन पोचावा इतकी.

छापल्यामुळेच हे झालं, असं यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दोन गोष्टी बरोबर चालल्या एवढंच दिसतं. पण वह्या तपासून परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथले बहुसंख्य विद्यार्थी दहा टक्क्यांहून कमी गणितं छापत होते. 'सगळेच छापतात' हे वाक्य आपल्या वसतिगृहांत नळाचं पाणी यावं तितक्या सहज ऐकू येतं. नव्या मुलाने ते पहिल्या आठवड्यात ऐकलं की त्याचं डोकं पुढची चार वर्षं त्याच हिशेबाने चालतं. जी मुलं स्वतः गणितं सोडवतात ती गाजावाजा करत नाहीत, त्यामुळे ती कुणाला दिसतही नाहीत. तुमच्यातही अशी मुलं आहेत. त्यांची वही मी ओळखते: खाडाखोड असते, मध्येच एक समीकरण अर्धवट सोडलेलं असतं, समासात प्रश्नचिन्ह असतं.

आता प्रत्यक्ष एक गणित घेऊ, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते नीट कळेल. तुम्ही सगळ्यांनी केलेलं शिडीचं गणित. भिंत गुळगुळीत, जमीन खरखरीत, शिडी जमिनीशी 60 अंशांचा कोन करून टेकवलेली. शिडी घसरू नये म्हणून जमिनीचा घर्षणांक किमान किती हवा? फायलीतलं उत्तर चार-पाच ओळींत संपतं: 0.29. वाचताना प्रत्येक ओळ पटते. मान डोलते. 'समजलं' असं वाटतं, आणि ते खोटं नसतं; वाचलेलं समजलेलंच असतं.

फाईल मिटून कोरा कागद घ्या. आधी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे शिडीवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती. शिडीचं वजन मध्यातून खाली, हे काढलं. भिंतीचा रेटा आडवा, भिंतीपासून दूर, हेही काढलं. जमिनीचा रेटा वर. आता घर्षण. बाण भिंतीकडे काढायचा की भिंतीपासून दूर? इथे पेन थांबतं. थांबायलाच हवं. शिडीचा पाय कुठे सरकू पाहतो आहे, हे आता स्वतःच्या डोळ्यांपुढे आणावं लागतं. पाय बाहेर घसरणार, म्हणून घर्षण आत, भिंतीच्या दिशेने. कुणाला याला अर्धं मिनिट लागेल, कुणाला वीस मिनिटं. मेकॅनिक्सचा विषय त्या वीस मिनिटांत शिकला जातो, आणि फाईल नेमकी तीच वीस मिनिटं खाऊन टाकते. बाकीचं समीकरण मांडणं हे नववी-दहावीचं काम आहे.

गणित सुटल्यावर मी मुलांना पुढचा प्रश्न विचारते. आता एक माणूस त्या शिडीवर चढू लागला. घसरण्याचा धोका वाढेल की कमी होईल? जवळजवळ सगळे म्हणतात वाढेल. सोडवून पाहा. माणूस शिडीच्या मध्याच्या खाली असेपर्यंत लागणारा घर्षणांक मूळच्या 0.29 पेक्षा कमीच असतो, कारण त्याच्या वजनाने पायाशी जमिनीचा रेटाही वाढतो. मध्य ओलांडला की मात्र तो 0.29 च्या वर जातो. हे ज्याने स्वतःच्या हाताने काढलं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. रंगकाम करणारा माणूस शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर गेला की खाली कुणीतरी पाय रोवून शिडी का धरतं, हे त्याला समीकरणातून दिसलेलं असतं. फायलीत हा प्रश्न नसतो. असता तरी त्याचं उत्तरही शेजारी असतं, आणि मग तो आनंद मिळत नाही.

म्हणून ज्युनियर्सना शिकवायची असेल तर ही सवय शिकवा. गणित आधी स्वतः करायचं, उत्तर न बघता. अडलं की नेमकं कुठे अडलं ते एका वाक्यात लिहायचं: 'घर्षणाची दिशा कळत नाही.' मग विचारायचं किंवा पुस्तकात बघायचं. आणि कळल्यावर तिथेच सोडून न देता दुसऱ्या दिवशी तेच गणित पुन्हा कोऱ्या कागदावर. आठवड्याने तशाच जातीचं दुसरं. सवय एवढीच आहे. हिला ना अॅप लागतं ना क्लास लागतो.

आठवून लिहिण्याचा फायदा केवळ गणितापुरता नाही. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइसमधल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. सत्राच्या मधल्या परीक्षेच्या, म्हणजे इनसेमच्या, आदल्या रात्री नोट्स चौथ्यांदा वाचणाऱ्याला आपला अभ्यास झाला असं का वाटतं, आणि सत्राअखेरच्या एंडसेमला सगळं कोरं का होतं, याचा उलगडा या आकड्यांत आहे. वाचून आलेला आत्मविश्वास खरा वाटतो, टिकत नाही.

तुम्ही विचाराल, मग मुलांनी एकमेकांना मदत करूच नये का? जरूर करावी. एकट्याने कुढत बसणं हाही अभ्यास नव्हे. 1970 च्या दशकात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रेझमन नावाचा तरुण गणिताचा शिक्षक होता. कॅल्क्युलसमध्ये काही विद्यार्थी मागे का पडतात आणि काही पुढे का जातात हे समजून घ्यायला तो मुलांबरोबर प्रत्यक्ष राहिला, ती अभ्यास कशी करतात ते बघत. मागे पडणारी बरीचशी कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. सांगितलेले तास ती इमानाने भरायची, पण अगदी एकटी. पुढे जाणारी चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी सोडवायची आणि मग संध्याकाळी एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची, एकमेकांना जुन्या पेपरातले प्रश्न विचारायची, चुका दाखवायची. ट्रेझमनने मग गट करून बसण्याचे वर्ग सुरू केले. त्यात सोपी करून दिलेली उजळणी नव्हती, उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं होती. मागे पडणारी मुलं त्यातून झपाट्याने वर आली.

आपल्याकडे कित्येकदा गटाचा अर्थ असा होतो: एकाने सोडवायचं, पाच जणांनी छापायचं. ट्रेझमनला दिसलेल्या गटात क्रम उलटा होता. आधी एकट्याने झगडायचं, मग बोलायचं. माझा एक साधा नियम आहे, तो तुम्ही ज्युनियर्सना सांगावा असं वाटतं. एकत्र बोलताना फळ्यावर हवं ते लिहा, भांडा, खोडा. पण वहीत उतरवताना फळा पुसून टाका आणि आपापल्या जागी जाऊन लिहा. ज्याला फळा पुसल्यावर लिहिता येत नाही त्याला अजून कळलेलं नाही, आणि हे त्याचं त्यालाच कळतं, दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. वहीच्या शेवटी एक ओळ लिहा: कुणाशी चर्चा केली, कुठल्या पुस्तकाची मदत घेतली. एमआयटीतल्या अनेक विषयांत असं लिहायला सांगतात. यात कमीपणा नाही. ज्याने मदत केली त्याचं नाव घेणं ही साधी माणुसकी आहे.

आता चॅटजीपीटी. नोव्हेंबर 2022 पासून तुमच्या ड्राइव्हच्या लिंकला हा मोठा भाऊ मिळाला. माझं त्याच्याशी भांडण नाही. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार मुलांना गणिताच्या सरावासाठी तो दिला गेला. ज्यांना साधा, थेट उत्तर देणारा दिला, त्यांनी सरावात इतरांपेक्षा 48 टक्के जास्त चांगली कामगिरी केली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुलं, कधीच तो न मिळालेल्या मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाला शिक्षकांनी बांधून दिलेला, उत्तर न देता फक्त इशारे देणारा दिला होता. त्या गटाचं हे नुकसान जवळपास भरून निघालं. तेव्हा ज्युनियर विचारेल 'वापरू का', तर त्याला सांगा की आधी स्वतःचा प्रयत्न टाइप कर आणि विचार, 'माझी चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग, उत्तर सांगू नकोस.'

प्रयोगशाळेतल्या रीडिंग्जबद्दल थोडं कठोर बोलणार आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात g ची किंमत बरोबर 9.81 आली की मला शंका येते. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची राहिली, आंदोलनांचा कोन मोठा झाला, स्टॉपवॉच दाबायला पाव सेकंद उशीर झाला, तर 9.6 यावं, 10.1 यावं, येतंच. पण गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवायच्या, किंवा उत्तर आधी ठरवून उलटे हिशेब करून रीडिंग्ज भरायच्या, ही कला ज्युनियर तुमच्याकडून शिकतो. काही शिक्षकही तिला खतपाणी घालतात: 9.6 आलेलं जर्नल परत पाठवतात, 9.81 वर सही करतात. त्यांना मी वेगळं लिहीन. तुम्हाला एवढंच सांगते की तुमच्यापैकी काही जण उद्या पुलाच्या काँक्रीटच्या क्यूबची ताकद तपासणार आहेत, काही औषधाच्या बॅचचा अहवाल लिहिणार आहेत. तिथे आकडा बसत नसला तर तो बसवायचा नसतो. हे तिथे पोचल्यावर शिकता येत नाही, कारण तोवर हाताला सवय लागलेली असते. ज्युनियरला सांगा, 9.6 आलं तर 9.6 लिही आणि खाली कारण लिही.

मुलं छापतात ती वाईट असतात म्हणून नव्हे, हे मला पुरतं ठाऊक आहे. सहा विषय, सगळ्यांचं सबमिशन एकाच आठवड्यात. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेली मुलगी, जिचं बारावीपर्यंत पहिल्या तिनांतलं स्थान कधी सुटलं नाही, तिला पहिल्या इनसेममध्ये तीसपैकी नऊ गुण पडतात. घरी फोनवर ती सांगते, 'चांगलं चाललंय.' वर्गात हात वर करून इंग्रजीत प्रश्न विचारायची तिची छाती होत नाही. माझ्या केबिनचं दार तिला फार जड वाटतं. ती विचारू शकते अशी एकच माणसं कॅम्पसवर असतात, आणि ती तुम्ही आहात. ती तुमच्या खोलीच्या दाराशी येते तेव्हा तिला खरं तर कळून घ्यायचं असतं. तुम्ही कामात असता, उद्या तुमचीही डेडलाइन असते, म्हणून लिंक पाठवता. ती 'थँक्यू दादा' म्हणून जाते. त्या क्षणी तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होते: इथे विषय कळायची गरज नसते, सबमिशन पूर्ण झालं की झालं. मग केटी लागते, म्हणजे नापास झालेला विषय पुढच्या वर्गात सोबत ओढावा लागतो, आणि ती सोडवायला पुन्हा फायली लागतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आणखी एक. त्यांना सांगा की विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही. वहीच्या समासात मराठीत लिही, 'शिडीचा पाय बाहेर सरकतोय म्हणून घर्षण आत', आणि मग उत्तर इंग्रजीत मांड. घर्षणाला भाषा नसते. पहिल्या सहा महिन्यांत विषय आणि इंग्रजी ही दोन्ही ओझी एकदम उचलायला लावली तर दोन्ही हातून सुटतात, असं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

तर तुम्ही काय करावं? ड्राइव्ह बंद करू नका. त्यातली सोडवलेली उत्तरं, जर्नलच्या फायली आणि काचेखाली दिवा लावून गिरवायला दिलेल्या शीट तेवढ्या काढून टाका. जुन्या प्रश्नपत्रिका राहू द्या, शक्य तितक्या भरा, पण उत्तरांशिवाय. कुठलं पुस्तक कुठल्या प्रकरणाला चांगलं, ग्रंथालयात ते कुठल्या कपाटात मिळतं, कुठले सर केबिनमध्ये प्रश्न ऐकून घेतात, कुठल्या मॅडम दुपारी चारनंतर भेटतात, हे सगळं लिहून ठेवा. ही माहिती सोन्यासारखी असते आणि ती फक्त तुमच्याकडे असते. तुमच्यापैकी ज्यांना केटी लागली आणि जे त्यातून बाहेर आले, त्यांनी ते उघडपणे सांगावं. टॉपरच्या भाषणापेक्षा त्याचा नऊ गुण मिळालेल्या मुलीला कितीतरी जास्त उपयोग होईल.

आणि आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. दोन सिनियर, आठ-दहा ज्युनियर. अट एकच: रिकाम्या हाताने यायचं नाही, अर्धवट का होईना, स्वतः सोडवलेलं काहीतरी आणायचं. तुम्ही उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं: 'कुठे अडलं?' सुरुवातीला तुम्हालाच जड जाईल, कारण उत्तर सांगून मोकळं होणं सोपं असतं. तुमचंही मेकॅनिक्स त्यात पुन्हा पक्कं होईल, आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीत ते कामी येईल, हा वरचा लाभ.

माझ्या कॉलेजातल्या तुम्हा मुलांना जागेची अडचण पडू नये म्हणून ट्युटोरियलची खोली मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ उघडी ठेवायची परवानगी मी विभागप्रमुखांकडून घेतली आहे. किल्ली माझ्याकडे असेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी पहिल्या सोमवारी मला भेटून नाव द्यावं. दोन-दोनच्या जोड्या आपण मिळून ठरवू. पहिल्या संध्याकाळी शिडीचंच गणित घ्या.

तुमची,
पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवणारी शिक्षिका